गोठा, पंगत आणि मधला नळ

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही घरची अकरा माणसे खानापूर तालुक्यातल्या एका कृषी पर्यटन केंद्रात दिवसभर राहून आलो. बेळगावहून जांबोटीच्या रस्त्याने निघाले की तासाभराच्या आत, काजूच्या बागा दिसू लागतात त्या टप्प्यावर हे केंद्र आहे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जे उणे मला तिथे दिसले ते गेल्या तीन वर्षांत बेळगाव, खानापूर आणि चंदगड या भागांत पाहिलेल्या चारही केंद्रांत थोड्याफार फरकाने होते, आणि त्या चारांतल्या सर्वांत नीटनेटक्या ठिकाणाच्या माथी ते एकट्याच्या मारणे न्यायाचे होणार नाही.

माझी नजर एका बाजूला कललेली आहे, हेही आधीच सांगते. बावीस वर्षे मी बेळगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून रक्ताचे नमुने तपासले. त्यामुळे कुठेही गेले की जेवणाआधी माझे लक्ष नळाकडे जाते, आणि घरच्यांनी याबद्दल माझी चेष्टा करून आता सोडून दिले आहे. मुलांना गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या दाखवायला न्यावे की नाही, हा प्रश्न मला पडत नाही, न्यावेच. वासराच्या गव्हाणीत हात घातलेले मूल जेवणाच्या पानावर येऊन बसेपर्यंत मधल्या वाटेवर काय काय घडते, एवढेच मी पाहते. या केंद्रात ती वाट मोजून साठ पावलांची आहे.

शुल्क मोठ्यांना ८०० रुपये आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ५०० रुपये. त्यात सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा, बैलगाडीची फेरी आणि गोठा पाहणे एवढे येते. जेवणाबद्दल फार लिहीत नाही, कारण तक्रारीला जागाच नाही. तांदळाची भाकरी, झुणका, भरले वांगे, शेंगांची चटणी, वाफाळता भात आणि मागणाऱ्याला गावठी कोंबडीचा रस्सा. दुपारी चारच्या सुमारास निखाऱ्यात भाजलेली रताळी आली. या लाल मातीतल्या रताळ्याची गोडी बाजारातल्या रताळ्याला नसते, असे सासूबाई तीनदा म्हणाल्या आणि निघताना पाच किलो विकत घेऊन आल्या.

गोठ्याचेही कौतुक करायला हवे. चौदा जनावरे आहेत: चार गिर गाई, पाच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, तीन म्हशी आणि दोन खिलार बैल. जमीन सिमेंटची असली तरी पाय घसरू नये म्हणून तीवर खाचा पाडलेल्या आहेत, मूत्र वाहून जायला उताराची नाली आहे आणि शेण दिवसातून दोनदा उचलून गोबर गॅसच्या खड्ड्यात जाते. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आहे. लसीकरणाची नोंद बघायला मिळेल का, असे मी विचारले तेव्हा मालकांनी आढेवेढे न घेता घरातून वही आणली. लाळ्या-खुरकुताच्या लसीच्या तारखा तीत होत्या आणि दोन कालवडींपुढे ब्रुसेला या गाभडवणाऱ्या रोगाच्या लसीचीही नोंद होती. ही लस मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच देतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला या दोन रोगांविरुद्ध देशभर कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून ही लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून मोफत मिळते. पण वासरू योग्य वयाचे असताना आठवणीने टोचून घेणारे शेतकरी अजून थोडेच आहेत. मालकांनी ते केले होते. मात्र वहीतल्या मोठ्या गाईंपैकी सात बाहेरून विकत आणलेल्या होत्या, आणि त्यांना लहानपणी लस मिळाली होती की नाही, त्यांच्या रक्ताची तपासणी कधी झाली होती की नाही, याची नोंद नव्हती.

हे मी एवढ्या बारकाईने लिहिते, कारण या केंद्राचे मुख्य आकर्षण धारोष्ण दूध आहे.

सकाळी साडेसात वाजता पाहुण्यांना गोठ्यात नेतात. गडी गिर गाईची धार काढतो, आणि चरवीतले फेसाळ, कोमट दूध तिथल्या तिथे पितळी पेल्यांत ओतून मुलांच्या हातात देतात. फोटो सुंदर येतात. भिंतीवरच्या मराठी आणि कन्नड फलकावर हे दूध ‘ए-टू’ (ए-टू प्रकारचे प्रथिन असलेले) असल्याचे आणि उकळल्याने दुधातले सत्त्व जाते असे लिहिले आहे. माझी सहा वर्षांची नात पेला तोंडाला लावणार तेवढ्यात मी तो काढून घेतला, आणि पुढची पाच मिनिटे साऱ्या पाहुण्यांनी माझ्याकडे जणू मी देवाचा प्रसाद नाकारला अशा नजरेने पाहिले. मालकीणबाई हसून म्हणाल्या, “ताई, आमची पोरं ह्याच्यावरच वाढली की.”

त्यांचे म्हणणे खरेच असणार. गाय निरोगी असेल आणि दुधात शेणाचा अंश पडला नसेल तर धारोष्ण दुधाने सहसा काही होत नाही. अडचण अशी आहे की ब्रुसेला झालेली गाय पाहून ओळखू येत नाही. एकदा गाभडते, वार अडकते, मग पुढच्या वेताला ठीक व्यायते आणि वरून धडधाकट दिसते. जंतू मात्र कासेत राहतात आणि दुधातून वर्षानुवर्षे बाहेर पडू शकतात. दूध ‘ए-टू’ आहे की नाही, याचा त्या जंतूंशी काही संबंध नाही. त्यांना मारायला दुधाचे सत्त्व जाण्याइतकी आचही लागत नाही. ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा ७२ अंशांना पंधरा सेकंद, एवढ्या उष्णतेने ते मरतात, आणि घरी दुधाला एकदा नीट उकळी आली की काम झाले. क्षयाचे जंतूही त्यातच जातात. चिकाचा खरवस या केंद्रात वाफवून देतात आणि तो मी स्वतः दोन वाट्या खाल्ला, हे येथे नोंदवते, म्हणजे मला गाईच्या सर्वच गोष्टींचे वावडे आहे असे कोणी समजू नये.

ब्रुसेलाचे जंतू माणसाच्या अंगात गेले की येणारा ताप कसा असतो, हे लॅबमधल्या माणसाला विचारावे. डॉक्टरांकडून आलेल्या चिठ्ठीवर आधी विडाल तपासणी लिहिलेली असते, कारण आपल्या भागात लांबलेला ताप म्हणजे टायफॉइड, हे समीकरण पक्के आहे. टायफॉइडची औषधे होतात, ताप उतरतो, दोन आठवड्यांनी परत येतो. संध्याकाळी अंग तापते, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो, कंबर धरते, सांधे दुखतात, पुरुषांमध्ये कधी अंडकोषाला सूज येते. मग मलेरिया पाहतात, संधिवाताच्या तपासण्या होतात, आणि तीन महिन्यांनी कोणी तरी विचारते, “घरी जनावरं आहेत का?” हे विचारायचे मुळात पहिल्या दिवशी. निदान झाल्यावरही दोन प्रतिजैविके सहा आठवडे घ्यावी लागतात, आणि मध्येच सोडली तर आजार उलटतो. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर तापाने मेलेल्या ब्रिटिश सैनिकांमध्ये हा जंतू शोधला, म्हणून याला माल्टा ताप असेही म्हणतात. तो तिथल्या शेळ्यांच्या कच्च्या दुधातून येतो हे कळायला १९०५ साल उजाडले, आणि सैनिकांचे ते दूध बंद केल्यावर छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. प्रयोगशाळेतही हा जंतू अंगाशी येणारा आहे. जंतूंची वाढ झालेली प्लेट उघडून वास घ्यायची जुनी सवय ज्यांना होती, त्यांपैकी काहींना तो श्वासावाटे झाला, म्हणून आम्हाला शिकवताना सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते की नाक घरी ठेवून या.

यावरून वाटेल की पाहुण्यांनाच सर्वांत मोठा धोका आहे. तसे नाही. आम्ही दिवसभरासाठी गेलो आणि परत आलो. जो गडी आमच्यासमोर धार काढत होता, त्याच्याशी मी थोडा वेळ बोलले. तो नंदगडकडचा, वीस वर्षे गोठ्यातच आहे. गाय अडली की डॉक्टर येईपर्यंत हात घालून वासरू ओढतो, वार हाताने काढतो, तीही हातमोज्यांशिवाय. गाभडलेल्या गाईची वार आणि पाणी यांत ब्रुसेलाचे जंतू प्रचंड प्रमाणात असतात आणि हातावरच्या साध्या ओरखड्यातूनही ते आत जाऊ शकतात. कंबर दुखते का, असे मी सहज विचारले, तर तो म्हणाला, “गोठ्यातल्या माणसाची कंबर दुखणारच की, ताई.” असे उत्तर ऐकले की लॅबमधल्या माणसाचा हात सुईकडे जातो. लांब हातमोज्यांची जोडी आणि गडीमाणसांची वर्षातून एकदा रक्ततपासणी, एवढी सूचना मी मालकांना केली. त्यांनी हातमोजे लगेच मान्य केले. रक्ततपासणीवर मात्र ते म्हणाले, “त्याला बरं वाटतंय की,” आणि विषय तिथे थांबला. या केंद्राला मी गुण कापले असतील तर सर्वांत जास्त इथे कापले आहेत.

आता त्या साठ पावलांकडे येते.

गोठ्याच्या दारात एक निळी प्लास्टिकची टाकी आहे, तिच्यावर मग आणि शेजारी सॅनिटायझरची बाटली. साबण नाही. मुले वासरांना दूध पाजतात, शेळ्यांना चारा घालतात, सशांना उचलतात, कोंबडीची पिल्ले ओंजळीत घेऊन गालाला लावतात, आणि बाहेर पडताना बाटलीची कळ दोनदा दाबून हात चोळतात. शेणाने, लाळेने माखलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी वासरांच्या आणि करडांच्या हगवणीतून येतो. त्याच्यावर तर अल्कोहोलचा परिणामच होत नाही. त्याला हातावरून घालवायचे तर वाहते पाणी आणि साबण लागतो, दुसरा उपाय नाही. साबण आहे तो जेवणघराच्या पडवीत, दोनच नळांपाशी, आणि त्या रविवारी तिथे सत्तरएक माणसे रांगेत होती. दोन्ही ठिकाणांच्या मध्ये, वाटेवरच, उसाच्या रसाची गाडी आणि रताळ्यांची शेगडी मांडली आहे. म्हणजे मूल वासराची लाळ घेऊन निघते, वाटेत रताळे सोलून खाते आणि मग हात धुवायला पोहोचते. मांडणी करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसणार. गंमत सगळी एका रेषेत ठेवली, एवढेच. पण ती गाडी आणि शेगडी नळाच्या पलीकडे नेली असती तर एक पैसा खर्च न होता निम्मा धोका गेला असता.

हा धोका कागदी आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी इंग्लंडमधली एक घटना सांगते. २००९ मध्ये सरे परगण्यातल्या गॉडस्टोन फार्म या मुलांसाठी उघड्या असलेल्या शेतावर ई. कोलाय ओ-१५७ या जंतूची साथ उद्भवली आणि ९३ जण आजारी पडले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. हा जंतू गाईगुरांच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यात राहतो आणि जनावराला काहीच होत नाही. मुलाला मात्र रक्ताची हगवण लागते, आणि काहींच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन डायलिसिसची वेळ येते. थोडेसे जंतू पोटात गेले तरी पुरतात. त्या साथीनंतरच्या चौकशीतून निघालेला मुद्दा मला फार पटतो: हात धुण्यावरच सगळा भार टाकू नये, आधी मुलांचा शेणाशी संबंधच कमी येईल अशी कुंपणे आणि वाटा असाव्यात. आपल्या केंद्रात बरोबर याच्या उलट आहे. शेळ्यांच्या वाड्यात मुलांना आत सोडतात, तिथली लेंडी चपलांना लागते आणि त्याच चपलांनी ती पंगतीच्या सतरंजीपर्यंत येतात. एक आडवा बांबू बांधून चारा बाहेरून घालायला लावला, तर मुलांची गंमत जराही कमी होणार नाही. खुराड्याबद्दल एवढेच लिहिते की पिल्लांना गालाला लावण्याची सवय साल्मोनेला या हगवणीच्या जंतूच्या दृष्टीने वाईट आहे आणि जेवणघरात फिरणाऱ्या कोंबड्या हाकलण्याचे काम कोणाकडे तरी सोपवायला हवे.

शेळ्यांच्या वाड्यात त्या दिवशी एक शेळी नुकतीच व्यायली होती. दोन करडे अजून ओलीच होती, आणि मालकांनी मोठ्या आनंदाने सर्वांना बघायला बोलावले. माझ्या भाचीला पाचवा महिना आहे. मी तिला दारातूनच मागे घेतले आणि तिने माझ्यावर दिवसभर रुसून सूड घेतला. व्यालेल्या शेळीची वार, पाणी आणि तिथले ओले गवत यांत क्यू ज्वराचे, क्लॅमिडियाचे आणि टॉक्सोप्लाझ्माचे जंतू असू शकतात, आणि या सर्वांमुळे गर्भपात किंवा बाळाला इजा होण्याचा संभव असतो. इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या विणीच्या हंगामात गरोदर स्त्रियांना त्या शेतांपासून दूर राहण्याची सूचना दरवर्षी निघते. क्यू ज्वराचे जंतू तर वाऱ्याबरोबरही पसरतात. २००७ ते २०१० या काळात नेदरलँड्समध्ये शेळ्यांच्या मोठ्या गोठ्यांतून हा ज्वर पसरला आणि चार हजारांहून जास्त लोकांना झाला, त्यांपैकी अनेकांनी शेळीला हातही लावलेला नव्हता. आपल्याकडची वीस शेळ्यांची दावण आणि तिथले हजारो शेळ्यांचे गोठे यांची तुलना होत नाही हे मान्य आहे. तरीही व्यालेल्या शेळीचा वाडा तीन-चार दिवस पाहुण्यांना बंद ठेवावा आणि तोंडाला मावा आलेली शेळी मुलांच्या हातापासून दूर बांधावी, हे कोणत्याही जुन्या मेंढपाळाला न सांगता कळते.

दुपारी जेवणानंतर काजूच्या बागेतून ओढ्यापर्यंत चालण्याची फेरी असते. ही फेरी देखणी आहे आणि मी ती सोडू नका असेच सांगेन, पण पूर्ण पायघोळ कपड्यांत करा. आमच्या मागच्या डोंगराला ओलांडले की गोवा लागते, आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ मध्ये माकडतापाच्या साथी झाल्या. हा रोग मूळचा आपल्याच राज्यातला, कर्नाटकातला. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे आजारी पडली, तेव्हा त्याचा शोध लागला. कन्नडमध्ये त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात. बारीक गोचीड चावल्याने तो होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. नोव्हेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे काजू वेचणीच्या आणि सहलींच्या नेमक्या दिवसांत, त्याचा हंगाम असतो. लागण झालेल्यांपैकी तीन ते पाच टक्के दगावतात. रानात चरून आलेली गुरे अंगावर गोचिड्या घेऊन गोठ्यात येतात, आणि आमच्यासमोर गड्याने बैलाच्या कानामागून एक टपोरी गोचीड काढून दोन बोटांत चिरडली. हे कोणीच करू नये. चिमट्याने ओढून रॉकेलच्या डबीत टाकावी. बागेत मेलेले माकड आढळले होते का, असे मी विचारले. गेल्या दोन हंगामांत नाही, असे उत्तर मिळाले आणि वाटाड्याने ते ठामपणे, तारखांसह सांगितले. त्याच्या दक्षतेला पैकीच्या पैकी गुण. पाहुण्यांना निघताना गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचे तेल आणि परतल्यावर घोटे, गुडघ्यामागची खोबण, कंबर तपासण्याची सूचना, एवढी भर घालावी.

भिंतीवर जुलैच्या खास सहलीची जाहिरात आतापासून लागली आहे: भात लावणी, चिखलातले खेळ, पावसात नाच. मी त्याला जाणार नाही, पण जाणाऱ्यांनी लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, विचार करावा. उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलातून, पायावरच्या चिरेतून तो शिरतो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये, आणि त्यानंतरच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांत कळा किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना “मी शेतात चिखलात होतो” हे वाक्य न विचारता सांगावे. कोकणातल्या डॉक्टरांना ते सांगावे लागत नाही. बेळगाव शहरातल्या डॉक्टरांना सांगावे लागेल.

दोन्ही कुत्र्यांची लसीकरणाची कार्डे मालकांनी दाखवली. रेबीजची लस वेळेवर आहे. मांजरांचे कार्ड नव्हते. कुत्रे-मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे फलकावर लिहायला हवे. त्या फलकावर सध्या सेल्फी कुठे चांगला येतो तेवढे लिहिले आहे.

घरी आल्यावर पंधराएक दिवसांनी नातीच्या कोपराशेजारी एक गोल, कडेने लालसर आणि मध्ये कोरडा चट्टा आला. तिची आई घाबरली. मी फोनमधले त्या दिवशीचे फोटो पुन्हा काढले आणि तेव्हा जे दिसायला हवे होते ते तेव्हा दिसले नव्हते हे कळले: जे वासरू नातीने मिठीत धरले होते, त्याच्या डोळ्यांभोवती राखी रंगाची, खपली धरलेली दोन वर्तुळे होती. वासरांचा नायटा. चट्टा मलमाने तीन आठवड्यांत गेला आणि त्याहून गंभीर काही झाले नाही. बावीस वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहिलेल्या बाईला समोरच्या वासराच्या तोंडावरची ती दिसली नाही, याची घरात आता नियमित आठवण काढली जाते. बाकीच्या दहा जणांना काहीही झाले नाही. त्या दिवशी पितळी पेल्यांतून दूध प्यायलेल्या इतर मुलांचे काय झाले, ते मला माहीत असण्याचे कारण नाही. ब्रुसेलाचा ताप कधी कधी काही महिन्यांनी उगवतो.

मी तो फोटो मालकांना पाठवला. त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला, वासरू वेगळे बांधले असल्याचे आणि डॉक्टरांनी औषध लावल्याचे सांगितले, आणि नातीची चौकशी केली. फोटो पाठवून भांडायला निघालेली मी, माझीच पंचाईत झाली. त्या बोलण्यात दूध उकळून द्यायचे त्यांनी कबूल केले नाही. “पाहुणे त्यासाठीच येतात,” असे ते म्हणाले, आणि ते खोटे नाही. पण मग मी सुचवले की धार सर्वांसमोर काढा, फोटो काढू द्या आणि चरवी तशीच चुलीवर ठेवा. पाहुण्यांसमोर दुधाला उकळी आणा, साय धरलेले दूध गूळ घालून द्या. यावर ते थोडे थांबले आणि “बघतो की,” म्हणाले. बेळगावात “बघतो की” याचा अर्थ हो असाही होतो आणि नाही असाही.

तेव्हा जाणाऱ्यांसाठी माझे मत असे. जेवण, गोठ्याची स्वच्छता आणि माणसांचा स्वभाव यांसाठी हे केंद्र पाचपैकी साडेचार गुणांचे आहे. पाहुण्यांच्या आणि गड्यांच्या आरोग्याच्या व्यवस्थेला मी अडीच देईन. पाच वर्षांच्या आतली मुले, गरोदर स्त्रिया, केमोथेरपी चालू असलेली किंवा स्टेरॉइड घेणारी माणसे यांनी गोठ्याच्या बाहेरून जनावरे पाहावीत. बाकीच्यांनी साबणाची वडी घरून न्यावी, गोठ्याच्या टाकीवरच मगाने पाणी ओतून एकमेकांचे हात धुवावेत आणि मगच रताळ्यांच्या शेगडीकडे वळावे. दूध मागितल्यास मालकीणबाई स्वयंपाकघरात उकळून देतात, नाराज होत नाहीत. मी दुपारी मागून घेतले होते. चपला पडवीच्या पायरीखाली काढाव्यात. शनिवारी गर्दी कमी असते.

गेल्या आठवड्यात मालकांनी फोनवर एक फोटो पाठवला. गोठ्याच्या दाराशी चार तोट्यांचा नवा नळ बसवला आहे, आणि प्रत्येक तोटीला जाळीच्या पिशवीत साबण बांधलेला आहे. रसाची गाडी मात्र अजून जुन्याच जागी दिसते आहे.